खाटेला मंजुरी आहे, औषधाला नाही

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाच्याही नावाने आरोग्य विमा असेल, तर वाचा. शेवटी कामाच्या पाच गोष्टी आहेत, त्या तरी वाचाच.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये पाच दिवस ठेवावं लागलं. डावा पाय ओढला जात होता. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. मागून कुणीतरी हाक मारायचं, 'अहो ताई, चप्पल राहिली.' एमआरआय, पाच दिवस स्टेरॉइडची सलाईन, खोलीचं भाडं, फिजिओथेरपी, सगळं मिळून बिल ९२ हजारांवर गेलं. विमा कंपनीची कॅशलेस मंजुरी पन्नास मिनिटांत आली. एकही प्रश्न न विचारता.

आता दुसरी बाजू ऐका. हा आजार उसळू नये म्हणून तिला दर सहा महिन्यांनी एक औषध सलाईनमधून देतात. तो डोस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा होता. खर्च ६१ हजार. त्याची मंजुरी याच कंपनीने आधी तीन वेळा प्रश्न विचारून लांबवली, मग नाकारली, मग पुनर्विचार करतो म्हणून पुन्हा नाकारली. यात दिवाळी आली आणि गेली. आम्ही पैशांची जुळवाजुळव करत होतो आणि तेवढ्यात पाय गेला.

म्हणजे आजार रोखणाऱ्या ६१ हजारांसाठी दोन महिने चौकशी. आजार उसळल्यावर ९२ हजारांसाठी पन्नास मिनिटं. कंपनीचंही भलं झालं नाही, आमचंही नाही. मग हा कारभार कुणाच्या फायद्याचा आहे?

बहिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. डॉक्टर 'एमएस' म्हणतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते. नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, ते खरवडलं जातं. आमच्या दाजींचं कऱ्हाडला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यांना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, 'वायरवरचं इन्सुलेशन सोललं जातंय.' दाजींना लगेच कळलं. तेव्हापासून त्यांना झोप कमी लागते हा भाग वेगळा.

हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. बहीण पतसंस्थेत कॅशियर आहे. २०२१ मध्ये तिला एका डोळ्याने नोटांचे रंग फिके दिसायला लागले. आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून दिलं. ते आपोआप बरंही झालं. पुढच्या वर्षी हाताला मुंग्या, पायात जडपणा. मग एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं आणि निदान झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये या आजाराचं नाव स्वतंत्रपणे आहे. संसदेला जे कळलं ते विमा कंपनीच्या टेबलापर्यंत पोचलेलं नाही.

या आजारातली महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा खराब झालेली नस पूर्ववत होईलच याची खात्री नसते. कधी भरून येतं, कधी अर्धंच येतं. म्हणून आजकाल सगळा भर आजार उसळू न देण्यावर असतो. इथे वेळ म्हणजेच उपचार आहे.

तिला चालू असलेलं औषध म्हणजे रिटुक्सिमॅब. मुळात ते लिम्फोमा नावाच्या कॅन्सरसाठी आलं, अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रक्तातल्या बी पेशी ते कमी करतं. एमएसमध्ये नसांवर हल्ला करण्यात याच पेशींचा मोठा वाटा असतो, म्हणून ते इथेही चालतं. भारतात २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने त्याची आपली आवृत्ती आणली, पुढे इतरांनीही आणली, आणि किंमत मध्यमवर्गीय माणसाला निदान विचार तरी करता येईल इतकी खाली आली.

पण गोम अशी आहे की या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात एमएसचं नाव नाही. मूळ कंपनीने त्या आजारासाठी रिटुक्सिमॅबची मान्यता मिळवण्याऐवजी त्याच पेशींवर काम करणारं ओक्रेलिझुमॅब हे नवं औषध पुढे आणलं. त्याला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते कैक पटींनी महाग आहे. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी कंपनीचा खर्च वाढवणारं औषध लिहिलं असतं, तर 'हे औषध या आजारासाठी मान्य आहे का' हा प्रश्नच आला नसता. स्वस्त लिहिलं, म्हणून पुरावा मागितला.

आणि पुरावा नाही असंही नाही. स्वीडनमध्ये एमएससाठी हे औषध वर्षानुवर्षं सर्रास वापरलं जातं. तिथल्या सुमारे २०० रुग्णांवर झालेली तुलना २०२२ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त छापून आली. दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांचा आजार उसळला, दुसरं एक मान्यताप्राप्त औषध घेणाऱ्यांपैकी १६ टक्के लोकांचा. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घेतली. तीन घेतली. त्यातलं एक रिटुक्सिमॅब आहे. माहितीपत्रकात नाव नाही हे माहीत असूनही घेतलं, कारण गरीब देशांना परवडेल असं औषध हवं होतं.

आता मंजुरीचा प्रकार कसा चालतो ते सांगतो. ज्यांनी अनुभवलं नसेल त्यांना वाटतं, कार्ड दाखवलं की झालं.

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर 'प्री-ऑथ'चा फॉर्म भरायचा. डॉक्टर आजार, उपचार, अंदाजे खर्च लिहितात. तो टीपीएकडे जातो, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कागद तपासणाऱ्या संस्थेकडे. तिथून एकतर मंजुरी येते, नाहीतर नकार, नाहीतर 'क्वेरी'. २९ मे २०२४ ला आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, परिपत्रक काढलं की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा. पेपरात मोठा मथळा आला होता. मीसुद्धा तो घरच्या ग्रुपवर टाकला होता.

आम्हाला बावन्नाव्या मिनिटाला उत्तर आलं. उत्तर म्हणजे प्रश्न.

पहिली क्वेरी: लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली, त्या वेळच्या डॉक्टरांचा कागद जोडा. अहो, पॉलिसी २०१७ ची, एकही हप्ता चुकलेला नाही. आजार २०२१ चा. शिवाय नियमच असा आहे की सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणाने जुन्या माहितीवर बोट ठेवता येत नाही. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. दाजी कऱ्हाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर शोधून घेऊन आले. त्यात चार दिवस गेले.

दुसरी क्वेरी: रुग्णाला दाखल करण्याची गरज काय? औषध ओपीडीत देता येणार नाही का? डॉक्टरांनी लिहून दिलं की औषध देण्याआधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन द्यावं लागतं, मग सलाईन अगदी सावकाश पाच-सहा तास चालते. मधूनमधून बीपी बघावं लागतं, रिअ‍ॅक्शन आली तर लगेच थांबवावं लागतं. हे खुर्चीवर बसून टोचून घरी पाठवायचं इंजेक्शन नव्हे.

तिसरी क्वेरी: या आजारासाठी हे औषध मान्य असल्याचा पुरावा. डॉक्टरांनी तोही जोडला.

मग नकार. 'दाखल होण्याची आवश्यकता नाही. उपचार डे-केअरच्या व्याख्येत बसत नाही.' खाली कुणाचं नाव नाही, सही नाही, हुद्दा नाही.

आणि याआधीचे चार डोस याच कंपनीने, याच पॉलिसीवर, याच हॉस्पिटलात मंजूर केले होते. आजार तोच, औषध तेच, डॉक्टर तेच. बदललं काय? विचारलं तर फोनवरची मुलगी म्हणाली, 'सर, सिस्टिममध्ये असंच दिसतंय.'

त्या व्याख्येबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. पॉलिसीत 'डे-केअर उपचार' म्हणजे काय, तर जो उपचार पूर्वी २४ तासांपेक्षा जास्त दाखल राहून घ्यावा लागायचा, पण नव्या तंत्रज्ञानामुळे आता त्याहून कमी वेळात होतो, आणि जो पूर्ण किंवा त्या जागेपुरती भूल देऊन केला जातो. मोतीबिंदू डोळ्यासमोर ठेवून वाचा, व्याख्या चपखल बसते. सलाईनमधून सहा तास चालणाऱ्या औषधाला भूल कोण देणार? आरोग्य विम्याचा सांगाडाच मुळी खाट आणि ऑपरेशन यांच्याभोवती उभा राहिला. औषधशास्त्र पुढे गेलं, व्याख्या तिथेच राहिली.

बरं, नियामकाला हे कळलेलं नाही असंही नाही. २०१९ मध्येच आयआरडीएआयने १२ आधुनिक उपचारांची यादी काढली आणि सांगितलं की वैद्यकीय गरज असेल तिथे हे पॉलिसीतून वगळायचे नाहीत, दाखल करून किंवा डे-केअरमध्ये त्यांचा खर्च द्यायचा. त्या यादीत 'इंजेक्शनने देण्याची मोनोक्लोनल अँटिबॉडी' असं स्वच्छ लिहिलंय. रिटुक्सिमॅब मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे. औषधाच्या नावातलं शेवटचं 'मॅब' त्याचंच. कंपन्यांना या उपचारांवर रकमेची मर्यादा घालता येते, ती बऱ्याच जण घालतात, ते एक वेळ ठीक. पण आमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत ही यादी होती. मंजुरी नाकारणाऱ्याने आपल्याच कंपनीची पुस्तिका उघडली नव्हती. खरं सांगायचं तर तोवर आम्हीही उघडली नव्हती.

विमा कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. कॅशलेस म्हटलं की खोलीचा दर्जा आपोआप वाढतो, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस दाखल दाखवतात, नको त्या तपासण्या होतात, हे आपण सगळे जाणतो. खोटे क्लेम होतात. त्याचा भुर्दंड शेवटी प्रामाणिक पॉलिसीधारकाच्या हप्त्यावर पडतो. म्हणून आधी विचारणा करणं, कागद मागणं याला माझा विरोध नाही. पूर्वमंजुरी हवीच. पण तिने उपचार तपासावा. ती खाट तपासत बसली तर लबाडी करणारा तीन दिवस दाखल होऊन सहीसलामत सुटतो, आणि एका दिवसात घरी जाणारा प्रामाणिक रुग्ण अडकतो. खुद्द डेस्कवरच्या माणसाने आम्हाला हळूच सुचवलं होतं, 'दोन दिवस अ‍ॅडमिट दाखवू का? पास होऊन जाईल.' आमचे डॉक्टर तयार झाले नाहीत. आम्हालाही ते पटलं नाही. तो माणूस वाईट नव्हता. रोज असे दहा नकार बघून त्याला वाट सापडली होती, एवढंच. जी व्यवस्था खरं बोलणाऱ्याला नाकारते आणि खोटं लिहिणाऱ्याला पास करते, तिने लबाडी रोखण्याच्या गोष्टी करू नयेत.

आता मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट.

त्याच २०२४ च्या परिपत्रकात एक चांगला नियम आहे. कुठलाही क्लेम फेटाळायचा असेल तर कंपनीतल्या समितीची, किमान तिच्या तीन जणांच्या उपसमितीची मान्यता हवी. आणि फेटाळताना पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या कलमाखाली, हे लिहून द्यायला हवं. वाचून बरं वाटतं. पण कॅशलेस नाकारण्याच्या पत्रात तळाला बारीक अक्षरात एक वाक्य असतं: कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे, आपण खर्च करून नंतर परताव्यासाठी अर्ज करू शकता.

हे वाक्य नीट वाचा. ज्याच्याकडे ६१ हजार तयार आहेत त्याच्यासाठी तो एक मार्ग आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी प्रकरण तिथेच संपलं. तो औषध घेणार नाही. औषध घेतलं नाही म्हणजे बिल नाही. बिल नाही म्हणजे क्लेम नाही. क्लेमच दाखल झाला नाही, तर फेटाळलेल्या क्लेममध्ये तो मोजला जाणार कसा? तीन जणांची समिती त्याच्यासाठी बसणार कशी? एका माणसाला उपचार मिळाला नाही, आणि कागदावर कुणीही त्याला 'नाही' म्हटलेलं नाही.

आमच्याकडून चूक झाली ती इथेच. आम्हाला वाटलं, नाकारलं म्हणजे आता खिशातूनच गेले. ते बारीक अक्षरातलं वाक्य आम्ही वाचलंच नाही. पहिल्या नकाराच्या दिवशी उसनेपासने करून डोस दिला असता आणि मग परताव्याला लागलो असतो, तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण डेस्कवरून दर वेळी 'दोन दिवसांत होईल' असंच ऐकू येत होतं. दिवाळीत दाजींचा सगळा पैसा मालात अडकलेला. बहीण म्हणाली, 'दादा, थांबू या थोडं. मला तसं काही होत नाहीये.' मी थांबलो. ते माझ्या मनातून जात नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, उशिरामुळेच पाय गेला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, या औषधाचा परिणाम काही महिने टिकतो, थोड्या उशिराने प्रत्येकाचं नुकसान होतंच असं नाही, आणि वेळेवर डोस घेऊनही एखाद्याचा आजार उसळतो. म्हणजे सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करता येत नाही याच गोष्टीवर हा सगळा खेळ चालतो. डॉक्टरने चूक केली तर त्याची सही असते. नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं तर तक्त्यावर वेळ असते, नाव असतं. दोन महिने कागद फिरवत ठेवला तर त्या उशिरावर कुणाचीच सही नसते.

पुढे काय झालं ते थोडक्यात. स्टेरॉइडने पाय सावरला. डिसेंबरमध्ये आम्ही खिशातून पैसे भरून डोस दिला. मग परताव्याचा क्लेम टाकला, तो फेटाळला गेला. या वेळी कारण दिलं अपवाद क्रमांक १६, म्हणजे 'अप्रमाणित उपचार'. हे कलम परिणामाला पुरेसा वैद्यकीय आधार नसलेल्या उपचारांसाठी आहे. म्हणजे आधी म्हणाले दाखल व्हायची गरज नाही, मग म्हणाले औषधच सिद्ध झालेलं नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, महिनाभर वाट पाहिली, मग विमा लोकपालांकडे गेलो. वकील लागला नाही, फी लागली नाही. दोन पानी अर्जात आधीचे चार मंजूर डोस, १२ उपचारांची यादी आणि जागतिक आरोग्य संघटनेची यादी जोडली. सुनावणीची तारीख लागली आणि त्याआधीच कंपनीचा फोन आला की आम्ही क्लेम देतोय. मर्यादा वजा करून रक्कम खात्यात आली. एप्रिलचा डोस कॅशलेस झाला. प्रश्न एकही आला नाही.

म्हणजे क्लेम पहिल्यापासून देण्याजोगाच होता. आमचा उपचार बदलला नाही, पॉलिसी बदलली नाही. बदललं ते एवढंच की समोरच्याला कळलं, हे लोक शेवटपर्यंत जातात. जे जात नाहीत त्यांचं काय? आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारा मी एक होतो, पुण्यात राहत होतो, रजा काढू शकत होतो. सगळ्यांच्या घरात असा माणूस नसतो.

बहीण आता पतसंस्थेत परत जाते. नोटा मोजते, चालते. जिन्यावर मात्र कठड्याला धरून उतरते. पूर्वी धरत नव्हती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. चांगलं झालं, त्याचं स्वागतच. पण हप्ता स्वस्त झाल्याने पॉलिसी उपयोगी होत नाही. माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्या करायला फार पैसा लागत नाही.

एक, दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ठरावीक अंतराने द्यायच्या औषधाला दर वेळी नव्याने मंजुरी मागायला लावू नये. एमएस असो, संधिवात असो, कॅन्सर असो, एकदा तपासा, वर्षभराची मंजुरी द्या. सहा महिन्यांत एमएस बरा झाला का, हे विचारण्यात काय अर्थ आहे?

दोन, कॅशलेस नाकारणं हाही नकारच धरा. त्यालाही कलम लिहायचं बंधन असावं, त्यावरही नाव आणि सही असावी. मेंदूविकाराच्या औषधाला नकार द्यायचा असेल तर तो त्या विषयातल्या डॉक्टरने वाचून द्यावा.

तीन, प्रश्न विचारायचे ते एकदाच, सगळे एकत्र. एकाचं उत्तर मिळालं की दुसरा काढायचा, याला चौकशी म्हणत नाहीत. त्याला टोलवाटोलवी म्हणतात.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे?

१. पॉलिसीची पूर्ण पुस्तिका, फक्त कार्ड नव्हे, आजच मागवून घ्या. त्यात आधुनिक उपचारांची यादी आणि प्रत्येकापुढची मर्यादा शोधा. डे-केअरची व्याख्या वाचा. आजारी नसताना वाचा, आजारपणात डोकं चालत नाही.

२. सलाईनमधून द्यायचं औषध ठरलं असेल, तर तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच कागद हलवायला सुरुवात करा. डॉक्टरांकडून एकच सविस्तर पत्र घ्या: आजार काय, औषध कोणतं, ते सावकाश आणि देखरेखीखाली का द्यावं लागतं, उशीर झाला तर धोका काय, आधीचे किती डोस मंजूर झाले.

३. नकार आला तर तो लेखी घ्या, आणि नेमकं कलम ईमेलने विचारा. फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही. टीपीए काहीही म्हणो, जबाबदारी विमा कंपनीची आहे, पत्र तिलाच लिहा.

४. कॅशलेस नाकारलं म्हणजे सगळं संपलं असं समजून उपचार लांबवू नका. शक्य असेल तर पैसे उभे करा, उपचार घ्या, सगळी मूळ बिलं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, डिस्चार्जचा कागद जपा आणि परताव्याचा क्लेम टाका.

५. क्लेम फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. एक महिना उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणात ते निवाडा देऊ शकतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळाच राहतो. निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात.

कंपनीचं आणि हॉस्पिटलचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. एका कंपनीला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. उद्या तुम्ही दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घ्याल, व्याख्या तीच असेल.

पण तुमच्या घरात असा कागद कुठे अडकला असेल, तर आज काढा आणि वाचा. बारीक अक्षरातलं आधी वाचा. आम्ही ते शेवटी वाचलं.